बुधवारची माणसं

मागच्या वर्षी इथल्या वकील मंडळींनी माझा छोटासा सत्कार केला. शाल, नारळ, आणि ज्यांच्याकडे वकिलाला द्यायला काहीच नसतं अशा माणसांची कामं आमच्या ऑफिसनं दोन पिढ्या कशी केली, यावर तिघांची भाषणं. मग मीही बोलले. अण्णांबद्दल, म्हणजे माझ्या वडिलांबद्दल बोलले, त्यांचे भागीदार कुलथेकाका यांच्याबद्दल बोलले, आईच्या आमटीबद्दल सांगितलं तेव्हा लोक हसलेसुद्धा. विमलबद्दल मात्र बोलले नाही. एकदोनदा तिचं नाव ओठांपर्यंत आलं, समोर पहिल्या रांगेत बसलेल्या तरुण मुली वहीत काहीतरी लिहून घेत होत्या, त्यांच्याकडे पाहून मी ते गिळलं. त्या दिवशी जे सांगायला हवं होतं ते इथे लिहिते आहे.

आमचं घर पंचवटीत, मालेगाव स्टँडकडून आत वळलं की तिसऱ्या गल्लीत. पुढच्या दोन खोल्या म्हणजे ऑफिस आणि मागच्या तीन खोल्यांत आम्ही. पहाटे भाजीच्या टेम्पोंचे हॉर्न, मग देवळातल्या घंटा, मग आईचा कुकर, आणि नऊच्या सुमाराला पुढच्या खोलीत ऑफिसच्या कारकुनांचा, मुनशींचा टाइपरायटर सुरू व्हायचा. त्याच्या खडखडाटात मी शाळेचा अभ्यास केला, कॉलेजचा केला, आणि टाइपरायटर थांबला की माझंही वाचन थांबायचं. अण्णा आणि कुलथेकाका एकाच वर्गात वकिली शिकले आणि त्यांनी एकत्रच ऑफिस थाटलं. थाटलं त्याच दिवशी त्यांनी ठरवून टाकलं होतं की आठवड्यातला एक दिवस फी न घेता काम करायचं, आणि त्या दिवशी दोघांपैकी एकानं कोर्टात जायचंच नाही. त्यासाठी बुधवार निवडला, कारण बुधवारी गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठी, बाजार भरतो. पेठ, गिरणारे, दिंडोरीकडची माणसं तशीही त्या दिवशी शहरात येतात. वकिलाला भेटायला त्यांना वेगळी एसटी करायला लागू नये, एवढाच विचार.

त्यामुळे आमच्या घरात त्या माणसांचं नावच ‘बुधवारची माणसं’ पडलं. सकाळी आठपासून ती ओट्यावर येऊन बसायची. कुणाचं नाव सातबाऱ्यावरून गेलेलं, कुणाचा मुलगा न केलेल्या चोरीत नाशिक रोडच्या जेलमध्ये, कुणाला नवऱ्यानं हाकललेलं. बरोबर बाजाराच्या पिशव्या असायच्या, त्यातून मेथीचा, सुकटीचा, ओल्या कांद्याचा वास घरभर यायचा. आई मोठ्या पातेल्यात तुरीच्या डाळीची आमटी करायची, चांगली तिखट, वर लसणाची फोडणी, आणि दुपारी जो असेल त्याला भाकरीबरोबर द्यायची. अण्णांचे काही नियम होते. आलेल्या माणसाला बाकावर नाही, टेबलासमोरच्या खुर्चीवर बसवायचं. वय काहीही असो, त्याला ‘तुम्ही’ म्हणायचं. आणि सर्वांत मोठा नियम म्हणजे ज्या कागदावर माणूस सही किंवा अंगठा करणार तो कागद त्याला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, त्याला कळेल अशा बोलीत वाचून दाखवायचा. “फी नाही म्हणून काम पातळ करायचं नाही,” असं ते म्हणायचे. हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की मला ते ऐकू येईनासं झालं होतं.

खरं सांगायचं तर मला त्या माणसांची लाज वाटायची. आमच्या मोरीत परकी माणसं पाय धुतात, माझ्या चपलांशेजारी चिखलाच्या वहाणा पडलेल्या असतात, हे मला आवडत नसे. अकरावीत असताना एक मैत्रीण बुधवारी अचानक घरी आली आणि ओट्यावरची गर्दी पाहून म्हणाली, “तुमच्याकडे रॉकेल मिळतं का गं?” मी हसले आणि तिला मागच्या दारानं आत नेलं. त्यानंतर बुधवारी मी कुणालाच घरी बोलावलं नाही. पुढे अण्णांसारखंच वकील व्हायचं ठरवलं, लॉ कॉलेजला गेले, पण माझ्या डोळ्यांसमोर जे ऑफिस होतं त्याला काचेचा दरवाजा होता आणि त्यात बुधवार नव्हता.

लॉच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा ऑफिसात कॉम्प्युटर आला. मुनशींनी त्याला हात लावायचं साफ नाकारलं, कुलथेकाका लांबूनच पाहायचे, म्हणून मराठी टायपिंग शिकून मीच त्याच्यासमोर बसू लागले. मला त्याचा मोठा अभिमान होता. जुनी फाईल उघडायची, नावं आणि गावं बदलायची, नको ती वाक्यं काढायची, की दोन तासांचं काम वीस मिनिटांत होई. फी देणाऱ्या अशिलांचे कागद मी असे करत नसे. ते माणूस समोर बसवून नव्यानं लिहायचे, तीनदा तपासायचे. बुधवारचे कागद मी जुन्या फाईलवरून करायचे. असा फरक कर, असं मला कुणीही सांगितलं नव्हतं. तो माझा मीच केला होता.

विमल आली ती अशाच एका बुधवारी, आपल्या आईबरोबर. मखमलाबादच्या बाजूला त्यांचा फुलांचा मळा होता, झेंडू आणि शेवंती. ती माझ्याच वयाची, तेवीस वर्षांची. सासर निफाडकडचं. नवऱ्यानं दुसरी बाई आणली आणि विमलला एका सकाळी एसटीत बसवून दिलं. मुलीला, दीपालीला, सासूनं कडेवर घट्ट धरून ठेवलं होतं. मुलीला चार पूर्ण होऊन पाचवं लागलं होतं. अण्णांनी तिला समजावून सांगितलं की पाच वर्षांच्या आतलं मूल कोर्ट शक्यतो आईकडे देतं, म्हणून आपल्याला घाई करायला हवी. ती सगळं ऐकत होती. बोलायची कमी, पण जे सांगायची ते नेमकं. मुलीला कोणत्या कुशीवर झोप लागते हेसुद्धा तिनं सांगितलं, जणू ते कागदात लिहायचं होतं.

तिच्या सह्यांचा दिवस मला नीट आठवतो. कुलथेकाका आजारी होते, त्यामुळे बुधवार असूनही अण्णांना दोघांच्या कामांसाठी कोर्टात पळावं लागलं होतं. जाताना ते मला म्हणाले, “विमलताईंचं प्रतिज्ञापत्र तयार ठेव. वाचून दाखव आणि सह्या घे.” त्या दिवशी दुपारी आम्ही पाचसहाजणं सोमेश्वरला जाणार होतो, वाटेत मिसळ खाणार होतो. गल्लीच्या तोंडाशी दोन स्कूटर उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांचे हॉर्न मला ऐकू येत होते. मी मागच्याच वर्षीच्या एका बाईची फाईल उघडली, तिचाही अर्ज मुलीच्या ताब्याचाच होता. त्या बाईच्या आईला टीबी झाला होता आणि म्हणून तिनं मुलीला आपण होऊन काही महिने सासरी ठेवलं होतं. मी नावं बदलली, टीबीचं वाक्य काढून टाकलं. त्याच्या पुढचं वाक्य राहून गेलं.

विमलला चौथीपर्यंतचं लिहितावाचता येत होतं. अंगठा नको, सही करते, असं ती म्हणाली. प्रत्येक पानाखाली एकेक अक्षर जोडत ती सही करत होती आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होते. मध्येच तिनं विचारलं, “ताई, यात काय काय लिवलंय?”

“तू सांगितलंस तेच,” मी म्हणाले. मी तिला ‘तू’ म्हणायचे. अण्णांसमोर नाही.

शेवटच्या पानावर ‘वाचून दाखवले, समजावून सांगितले, बरोबर असल्याचे मान्य केले’ ही ओळ होती. तिच्याखाली मी माझी सही ठोकली. दुसऱ्या दिवशी कोर्टात शपथ घ्यायच्या वेळी तिथले साहेब विचारतील, वाचलं का, तेव्हा ‘हो’ म्हण, असंही तिला मीच सांगून ठेवलं. संध्याकाळी अण्णांनी विचारलं, “सगळं वाचून घेतलंस ना?” मी हो म्हणाले. माझ्या ‘हो’वर विश्वास ठेवून त्यांनी सही केली. सोमेश्वरला त्या दिवशी धबधब्याला भरपूर पाणी होतं, आणि मिसळ फार चांगली होती.

अर्जाची सुनावणी लागली त्या दिवशी मी हौसेनं अण्णांच्या मागच्या खुर्चीवर जाऊन बसले होते. समोरचे वकील वयानं मोठे होते, आवाज खाली ठेवून बोलणारे. त्यांनी विमलला पुढे बोलावलं आणि तिच्याच प्रतिज्ञापत्रातला सातवा परिच्छेद सावकाश वाचला. ‘मुलीस मी स्वखुशीने तिच्या वडिलांकडे ठेवले असून तेथे तिची उत्तम काळजी घेतली जाते.’

“असं मी नाय सांगितलं,” विमल म्हणाली.

“ही सही कोणाची?”

तिनं कागद हातात घेतला. बराच वेळ पाहिला. “सही माझीच हाय.”

“तुम्हाला हे वाचून दाखवलं होतं का?”

तिनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. “व्हय,” ती म्हणाली.

अण्णा उठून उभे राहिले, काहीतरी गफलत झाली आहे, थोडी मुदत द्यावी, असं म्हणाले, पण त्यांच्या हातात तेव्हा सांगण्यासारखं काही नव्हतं. न्यायाधीशांनी सांगितलं की आईनंच शपथेवर असं लिहून दिलं असताना मुलीला तिथून तातडीनं हलवण्याचं कारण दिसत नाही. बाकावर सासू दीपालीला मांडीवर घेऊन बसली होती. विमल तिच्याजवळून बाहेर गेली तेव्हा मुलीनं हात पुढे केला. सासूनं तो पदरात घेतला.

ऑफिसात परत आल्यावर अण्णांनी टेबलावर कागद ठेवला आणि शांतपणे विचारलं, “हे वाक्य कुठून आलं?” विमल आणि तिची आई समोरच्या खुर्च्यांवर बसल्या होत्या. आत माझी आई आमटीला फोडणी देत होती, लसणाचा वास येत होता. मला माहीत होतं ते वाक्य कुठून आलं. कोर्टात ऐकलं त्याच क्षणी मला सगळं कळलं होतं.

मी म्हणाले, “त्याच म्हणाल्या होत्या तसं. त्यांनी सांगितलं ते मी लिहिलं.”

या एका वाक्याला मी पुढं खूप कारणं जोडून पाहिली. वय लहान होतं, घाबरले होते, अण्णांसमोर खोटं पडायची कधी वेळ आली नव्हती. आज या वयात एकही कारण उभं राहत नाही. चूक हातून झाली होती, पण हे मी समजून उमजून केलं. माझ्या समोर माझ्याच वयाची एक बाई बसली होती, तिची मुलगी माझ्यामुळे तिच्याकडे आली नव्हती, आणि मी त्याचा दोषही तिच्याच अंगावर टाकला.

विमलच्या आईनं तोंड उघडलं होतं. विमलनं तिच्या हातावर हात ठेवला. “म्हनले आसन मी,” ती अण्णांना म्हणाली. “ध्यानात नाय राह्यलं, सायेब.”

चारपाच दिवसांनी सकाळी मी चहा घेऊन पुढच्या खोलीत गेले तर अण्णांसमोर दोन फाईली शेजारी शेजारी उघड्या होत्या. त्या दुसऱ्या बाईसाठी ते वाक्य त्यांनी स्वतः लिहिलं होतं, आपले शब्द त्यांना ओळखू आले. मी कप ठेवला. ते फाईलीकडेच पाहत म्हणाले, “तिला खुर्ची दिली होतीस का?” मला आधी प्रश्नच कळला नाही. मग आठवलं की त्या दिवशी तिनं सह्या उभ्यानंच केल्या होत्या. मी नाही म्हणाले, आणि मग बाकीचंही सगळं सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

त्यांनी कोर्टात स्वतःच्या नावानं प्रतिज्ञापत्र दिलं की चूक आमच्या कार्यालयाची आहे, अर्जदार बाईला कागद वाचून दाखवलेला नव्हता आणि सही करण्याआधी त्यांनी स्वतःही तो वाचला नव्हता. माझं नाव त्यात कुठेही नव्हतं. पंचवीस वर्षं वकिली केलेल्या माणसाला असं लिहून देताना काय वाटलं असेल ते मला तेव्हा कळलं नाही. बार रूममध्ये कुणीतरी म्हणालं, फुकटचं काम असंच व्हायचं, आणि ते अण्णांच्या कानावर पडेल अशा बेतानं म्हणालं. न्यायाधीशांनी दुरुस्ती मान्य केली. पण तोवर महिने गेले होते, दीपालीला पाच पूर्ण झाली होती, ती तिकडच्या बालवाडीत जाऊ लागली होती. आता पूर्ण साक्षीपुरावा झाल्याशिवाय मुलीला हलवायचं नाही, असं ठरलं.

अण्णांनी मला टायपिंग बंद कर असं सांगितलं नाही, फक्त बुधवारचे कागद ते स्वतः करायला लागले. दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत. मागच्या खोलीत परीक्षेचा अभ्यास करताना मला कळांचा तो थांबत थांबत येणारा आवाज ऐकू यायचा. एकदा मी म्हणाले, “मी करून देते ना, अण्णा.” ते म्हणाले, “विमलताईंना अजून तू सांगितलेलं नाहीस. ते तुझं तू सांगायचं. मी सांगणार नाही.” मी म्हणाले, सांगते. पुढच्या बुधवारी सांगते म्हणून ठरवलं. ती आली, फुलांच्या पाट्या बाजारात उतरवून तशीच आली होती, हातांना झेंडूचा पिवळा रंग. मी तिला पाणी दिलं आणि आत निघून गेले. असे किती बुधवार गेले. ती तारखेला यायची, प्रत्येक वेळी माझ्या आईसाठी मूठभर शेवंती घेऊन यायची, आणि मी कधी परीक्षा, कधी निकाल, कधी वकिलीची सनद अशी कारणं स्वतःला सांगत राहिले.

चौदा महिन्यांनी निकाल विमलच्या बाजूनं लागला. मुलीला कोर्टातच आईच्या हवाली करायचं होतं. ते मी पाहिलं. दीपालीला दोन वेण्या घातल्या होत्या, अंगावर नवा फ्रॉक होता. विमलनं हात पुढे केले तेव्हा ती मागे सरकली आणि सासूच्या साडीला घट्ट धरून ‘आई, आई’ म्हणून रडायला लागली. ती सासूला आई म्हणत होती. सासूही रडत होती. त्या दोघींचं बोट बोट सोडवावं लागलं. विमल रडली नाही. तिनं मुलीला उचललं, मुलगी तिच्या खांद्यावर बुक्क्या मारत होती, आणि ती तशीच जिना उतरून गेली. वकिलांनी अण्णांचं अभिनंदन केलं. अण्णा फाईल बांधत राहिले.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी मी मखमलाबादच्या रिक्षात बसले. दुपारचे चार वाजले असतील. विमल मळ्यात झेंडू खुडत होती, कमरेला पदराचा ओटा बांधलेला. बांधावरच्या चिंचेखाली दीपाली एकटीच बसली होती. मी विमलजवळ गेले आणि सगळं एका दमात सांगितलं. फाईल, स्कूटर, सही, आणि अण्णांसमोर मी जे बोलले ते. पहिल्यांदाच तिला ‘तुम्ही’ म्हणत होते.

तिचे हात थांबले नाहीत. “मला माहीत व्हतं ना, ताई,” ती म्हणाली. “तुमी वाचून नाय दाखवलं ते मला माहीत नसंल का?”

“मग त्या दिवशी गप्प का बसलात?”

“तुमाला खोटं पाडलं आसतं आन् सायबांनी केस सोडली आसती मंग?” तिनं खुडलेली फुलं ओट्यात टाकली. “पैसे देनारा मानूस भांडतो. आमी कशाच्या जोरावर भांडायचं?”

अण्णांनी केस कधीच सोडली नसती हे मला माहीत होतं. तिला ते माहीत असायचं काही कारण नव्हतं. तिनं आमच्या ऑफिसातली माझीच बाजू पाहिली होती.

“मला माफ करा,” मी म्हणाले.

ती माफ केलं म्हणाली नाही, नाही करत असंही म्हणाली नाही. म्हणाली, “ती रातीची आजून माझ्याकडं पाठ करून झोपती. व्हईल हळूहळू.” आणि पुढच्या झाडाकडे सरकली.

तसं हळूहळू झालंही असावं. दीपाली पुढं शिकली, तिचं लग्न झालं, हे मला इकडून तिकडून कळलं. लग्नाचं आमंत्रण अण्णांना आलं होतं, पत्रिकेवर ‘सहकुटुंब’ असं नव्हतं. मला सनद मिळाल्यापासून आजतागायत मी माणसाला खुर्चीवर बसवून कागद वाचून दाखवल्याशिवाय सही घेतलेली नाही. पण ते मी चांगली आहे म्हणून करते असं कुणाला वाटू नये, म्हणून हे सांगते.

त्या दुपारी मी बांधावरून परत निघाले तेव्हा दीपाली उठून माझ्यामागं आली. तिनं मला कोर्टात पाहिलं होतं. काळा कोट नव्हता तरी तिनं ओळखलं. माझी ओढणी धरून ती म्हणाली, “तुमी कोर्टातल्या ना? मला घरी सोडता?”

मी विमलकडे पाहिलं. तिनं ऐकलं होतं. तिच्या हातात एक फूल तसंच राहिलं होतं. मग तिनं ते ओट्यात टाकलं आणि तिथूनच मुलीला हाक मारली.

“दीपा, इकडं ये. ओढनी सोड त्यांची. त्यांना कामं आसत्यात. जाऊ दे त्यांना.”